गोंगाट आणि मौन

मागील अंकांत उन्हाळ्यांतील पाण्याच्या साठवणीविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर वाचकांचीं जीं पत्रें आलीं, त्यांत एक पत्र अगदीं निराळ्या विषयाचें होतें. एका मातेनें विचारलें होतें कीं, "माझा मुलगा महाविद्यालयांत आहे. बुद्धीनें चांगला आहे, वृत्तीनेंही वाईट नाहीं. परंतु सकाळपासून रात्रीपर्यंत कानांवर हेडफोन चढवून परदेशी बँडचीं गाणीं ऐकत बसतो. हांक मारली तर ओ देत नाहीं. रागावून पाहिलें, समजावून पाहिलें. आपण या सदरांतून कांहीं सांगाल काय?" या भगिनीस उपदेश करण्याचा मला मोठा अधिकार आहे असें नाहीं. परंतु हाच प्रश्न गेल्या वर्षीं आमच्याही घरीं उभा राहिला, आणि तो सोडवितांना नातवापेक्षां मलाच अधिक शिकावें लागलें. ती हकीकत घडली तशी सांगतों.

आमचें घर नागापुरांत. ज्या शहरास आतां अहिल्यानगर असें नांव मिळालें आहे, पण ज्यास आम्ही जुने लोक अजून नुसतें 'नगर' म्हणतों, त्याच्या उत्तरेस मनमाडच्या रस्त्यावर सीना नदीच्या कांठीं वसलेलें हें एके काळचें खेडें. पुढें येथें औद्योगिक वसाहत झाली, शेतांच्या जागीं शेडी उभ्या राहिल्या, आणि पांखरांच्या किलबिलाटानें उजाडावयाचें तें कारखान्याच्या भोंग्यानें उजाडूं लागलें. त्याच वसाहतींतील एका कारखान्यांत, पत्रा कापण्याच्या आणि दाबण्याच्या खात्यांत, मीं एकतीस वर्षें काढलीं. त्या खात्याविषयीं पुढें लिहावयाचें आहे. तूर्त एवढेंच सांगतों कीं, निवृत्त झाल्यावर मला घरांत शांतता हवी होती.

आणि नेमकी तीच मिळेना. आमचा नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शेजारच्या मुलांच्या शिकवण्या करून त्यानें पैसे सांठविले, आणि एक जुनी विजेची गिटार व तिच्याबरोबरचा ध्वनिवर्धक विकत आणला. एके दिवशीं तिन्हीसांजेला सौ.नें देवापुढें दिवा लावला, आणि त्याच क्षणीं माडीवरून असा कांहीं कल्लोळ उठला कीं देव्हाऱ्यांतील घंटा आपोआप किणकिणली. मी जिना चढून गेलों आणि वयाचा मान विसरून ओरडलों, "बंद कर हा धिंगाणा! असल्या आरडाओरडीला संगीत म्हणतांना तुमच्या पिढीला कांहीं वाटत नाहीं काय?"

त्यानें मुकाट्यानें बटण बंद केलें. मग हलकेंच म्हणाला, "आजोबा, हें गाणें माझ्या पिढीचें नाहीं, तुमच्याच पिढीचें आहे. तुम्ही शाळेंत जात होतां तेव्हांच्या बँडचें. आणि याच्या नांवांत जो 'बाबा' शब्द आहे, तो आपल्या अरणगांवच्या मेहेरबाबांचा आहे."

मला हें खोटें वाटलें. अरणगांव आमच्याच तालुक्यांतलें. मेहेरबाबांचें नांव नगरकरांस ठाऊक नाहीं असें कसें होईल? परंतु त्यांचा आणि या गोंगाटाचा संबंध काय? नातवानें दोन पुस्तकें आणि कांहीं जुन्या मुलाखती माझ्यापुढें ठेवल्या. चष्मा पुसून मी वाचूं लागलों, आणि आठ दिवस वाचीतच राहिलों. त्यांतून जें कळलें त्याचा सारांश असा.

त्या बँडचें नांव 'द हू'. इंग्रजींत 'हू' म्हणजे 'कोण'. 'कोऽहम्' हा प्रश्न लहानपणापासून ज्यांच्या कानांवरून गेला आहे, त्यांस हें नांव ऐकून थोडी मौज वाटेल. पण तें ठेवणारांच्या मनांत तसें गूढ कांहीं नव्हतें. पश्चिम लंडनमधील ॲक्टन भागांतल्या कांहीं शाळकरी मुलांनीं १९६० च्या आसपास 'डीटूर्स' नांवाचा एक बँड काढला होता. त्याच नांवाचा दुसरा बँड असल्याचें १९६४ सालीं आढळून आलें, म्हणून एका मित्रानें सुचविलेलें हें नवें नांव त्यांनीं घेतलें. मंडळी चार. गाणारा रॉजर डाल्ट्री; याला शाळेंतून काढून टाकलें होतें, आणि तो दिवसा एका कारखान्यांत पत्र्याचें काम करी. हें वाचून मी थबकलों. हा तर आमच्याच खात्याचा माणूस! जाड तारांची बास गिटार वाजविणारा जॉन एंटविसल हा करवसुलीच्या कचेरींत कारकून होता. गीतें रचणारा आणि गिटार वाजविणारा पीट टाउनशेंड चित्रकलेच्या विद्यालयांत शिकत होता. त्याचे वडील वायुदलाच्या वाद्यवृंदांतले नांवाजलेले सॅक्सोफोनवादक. आणि ड्रम वाजविणारा कीथ मून हा १९६४ च्या वसंतांत येऊन मिळाला तेव्हां अवघा सतरा वर्षांचा होता.

या चौघांचा लौकिक प्रथम झाला तो एका अपघातानें. १९६४ च्या सप्टेंबरांत लंडनच्या हॅरो भागांतील एका पानगृहांत ते वाजवीत असतां, टाउनशेंडनें गिटार जोरानें वर उचलली ती ठेंगण्या छताला लागून तिचें डोकें मोडलें. लोक हंसतील म्हणून त्यानें चिडून ती सबंध गिटारच आपटून फोडली. पुढच्या आठवड्यांत तोच प्रकार पाहण्यास गर्दी लोटली, आणि वाद्यें फोडणें हा या बँडचा नेहमींचाच खेळ होऊन बसला. सरस्वतीच्या हातांत वीणा पाहून नमस्कार करणाऱ्या आपल्या घरांतल्या माणसाला हें वाचतांना अंगावर कांटा येतो. परंतु हेंही खरें कीं, हा खेळ त्यांना फार महाग पडला. कीर्ति वाढत गेली तसें कर्जही वाढत गेलें. गाण्यांचे पैसे वाद्यांच्या दुकानदारांच्या घशांत जात.

१९६५ च्या आरंभीं त्यांचें पहिलें यशस्वी गाणें निघालें. त्याच वर्षाच्या अखेरीस 'माय जनरेशन', म्हणजे 'माझी पिढी', या नांवाची ध्वनिमुद्रिका ब्रिटनमधील खपाच्या यादींत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. त्या गाण्यांत म्हाताऱ्या माणसांविषयीं तरुणांचें जें मत आलें आहे, तें या कुटुंबमासिकांत देण्याचें कारण नाहीं. आजच्या आजोबांस तें आपल्या नातवांच्या चेहऱ्यावर वाचतां येतेंच. १९६७ च्या जूनमध्यें कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरे येथें झालेल्या मोठ्या संगीतोत्सवानें त्यांचें नांव अमेरिकेंतही झालें.

याच प्रवासांत एक भयंकर गोष्ट घडली, आणि येथूनच आमच्या नगरचा संबंध सुरू होतो. त्या काळीं पाश्चात्त्य तरुणांत मनाला भ्रम पाडणारीं रसायनें घेण्याची लाट आली होती. मॉन्टेरेहून परततांना विमानांत टाउनशेंडनें असें एक तीव्र द्रव्य घेतलें. त्याचा परिणाम इतका भीषण झाला कीं, आपण शरीराबाहेर पडलों आहों असा भास त्याला झाला, आणि त्या दिवसापासून त्यानें तसलीं द्रव्यें सोडलीं. मन सैरभैर झालें असतां, मॅकइनर्नी नांवाच्या एका चित्रकार मित्रानें त्याला मेहेरबाबांचें चरित्र वाचावयास सांगितलें.

मेहेरबाबांचा वृत्तांत नगरकरांस माहीत असला तरी इतर वाचकांसाठीं थोडक्यांत देतों. मूळ नांव मेरवान शेहरियार इराणी. जन्म पुण्यास एका झरतुष्ट्री कुटुंबांत २५ फेब्रुवारी १८९४ रोजीं. शिक्षण डेक्कन कॉलेजांत. तरुणपणीं ते गझला रचीत आणि गातही चांगले. पुढें साकोरीच्या उपासनी महाराजांच्या सहवासांत राहून १९२३ सालीं ते अरणगांवच्या माळावर आले. तेंच आजचें मेहेराबाद. तेथें १० जुलै १९२५ रोजीं त्यांनीं मौन धरलें, आणि ३१ जानेवारी १९६९ रोजीं पिंपळगांव माळवीजवळील मेहेराझाद येथें देह ठेवीपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तें सोडलें नाहीं. प्रथम ते मुळाक्षरांच्या फळीवर बोट ठेवून बोलत. १९५४ सालीं ती फळीही सोडली आणि पुढें केवळ हातांच्या खुणांनीं व्यवहार चालविला. भक्त त्यांस अवतार मानतात. त्या श्रद्धेविषयीं येथें कांहीं म्हणावयाचें नाहीं; ज्याची त्याची श्रद्धा त्याच्यापाशीं. मात्र एक गोष्ट सर्वांनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे. १९६६ सालीं, जेव्हां पश्चिमेकडील कित्येक विद्वानसुद्धां गोळ्या खाऊन ईश्वरदर्शन होतें असें म्हणत होते, तेव्हां या मौनी पुरुषानें एक पत्रक काढून, हीं द्रव्यें शरीराला, मनाला आणि आत्म्यालाही घातक आहेत, असा स्पष्ट इशारा दिला. नगरच्या माळावरून निघालेला तो इशारा लंडनमधील एका बावीस वर्षांच्या गिटारवाल्याच्या हृदयास जाऊन भिडला.

टाउनशेंडची आणि मेहेरबाबांची भेट मात्र कधींच झाली नाहीं. परंतु त्यांच्या विचारांचा जो ठसा उमटला, त्यांतून 'टॉमी' नांवाची संगीतिका निर्माण झाली. ती १९६९ च्या मे महिन्यांत, बाबांच्या देहत्यागानंतर चार महिन्यांच्या आंत, प्रसिद्ध झाली. तिचा नायक एक लहान मुलगा आहे. घरांत घडलेला एक खून तो पाहतो, आणि "तूं कांहीं पाहिलें नाहींस, कांहीं ऐकलें नाहींस, कोणाला कांहीं सांगावयाचें नाहीं" असें मोठ्या माणसांनीं बजावल्यामुळें तो आंधळा, बहिरा आणि मुका होऊन जातो. वाद्यें फोडणाऱ्या या बँडनें अशी कथा निवडावी, हें मला विशेष वाटलें. इंद्रियें मिटलेल्या त्या मुलाला स्पर्श आणि कंपन तेवढें कळतें. पुढें तो बरा होतो, लोक त्याला गुरु करतात, आणि शेवटीं त्याच्यावर उलटतात. हाच प्रयोग १९७० च्या जूनमध्यें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहांत झाला. बँडचें कर्जही याच संगीतिकेनें फिटलें. तिच्या वेष्टनावर मेहेरबाबांचें नांव छापलें आहे, आणि चित्रें त्याच मॅकइनर्नीनें काढलेलीं आहेत.

पुढें १९७१ च्या ऑगस्टमध्यें 'बाबा ओरायली' हें गाणें आलें. ज्यावरून आमच्या घरीं रणकंदन माजलें तेंच हें. त्यांतील 'बाबा' म्हणजे मेहेरबाबा, आणि 'ओरायली' हें टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराच्या नांवावरून. बाबांच्या आयुष्यांतील माहिती यंत्रास पुरवून त्यांतून स्वर काढावेत, अशी टाउनशेंडची मूळ कल्पना होती. ती पुरती साधली नाहीं. तथापि त्या गाण्याच्या आरंभीं जो एकच स्वरगुच्छ पुनः पुनः फिरत राहतो, तो मीं नातवाजवळ बसून लक्षपूर्वक ऐकला. खरें सांगावयाचें तर, एखाद्या जपमाळेसारखा तो मला वाटला. त्यावर पुढें ढोल आणि ओरडणें येतें तें मला आजही रुचत नाहीं. पण 'धिंगाणा' हा शब्द मीं परत घेतला.

१९७२ च्या आरंभीं टाउनशेंड स्वतः हिंदुस्थानांत आला, आणि मेहेराबादच्या टेकडीवरील समाधीपुढें त्यानें डोकें ठेवलें. त्याच वर्षीं त्यानें स्वतंत्रपणें काढलेल्या ध्वनिमुद्रिकेंत बाबांच्या 'परवरदिगार' या प्रार्थनेचें गीत आहे. आणखी एक गंमत. बाबांना कोल पोर्टर याचें 'बिगिन द बिगीन' हें जुनें इंग्रजी नृत्यगीत फार आवडे, आणि १९६९ सालीं त्यांना समाधि देतांना त्यांच्या इच्छेनुसार तेंच वाजविलें गेलें. टाउनशेंडनें तेंही गाऊन मुद्रित केलें आहे. आम्ही नगरकर त्या वेळीं काय करीत होतों? मी शाळेंत होतों, आणि दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकींतून ती टेकडी कित्येकदां पाहिली होती. पण कधीं उतरलों नाहीं.

येथवर वाचून मला वाटलें कीं, चला, गुरु भेटला आणि मुलगा सुधारला. कीर्तनांत सांगण्यासारखें आख्यान झालें. परंतु खरीं माणसें आख्यानाप्रमाणें वागत नाहींत. कीथ मून १९७८ च्या सप्टेंबरांत, दारू सुटावी म्हणून दिलेल्या औषधाच्याच अतिरेकानें, बत्तिसाव्या वर्षीं वारला. १९७९ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील सिनसिनाटी येथें त्यांच्या कार्यक्रमास आलेल्या गर्दींत, दारें उघडण्याच्या वेळीं चेंगराचेंगरी होऊन अकरा तरुण माणसें मेलीं. एंटविसल २००२ सालीं गेला, आणि त्याच्या मृत्यूसही मादक द्रव्य कारण झालें. खुद्द टाउनशेंड १९८० च्या सुमारास दारू आणि दुसऱ्या व्यसनांत सांपडला. आपली घसरण त्यानें पुढें आत्मचरित्रांत लपविलेली नाहीं. समाधीपुढें डोकें ठेवल्यानें माणसाचे पाय घसरावयाचे थांबत नाहींत. परंतु कोठून घसरलों हें त्याला कळतें, एवढें तरी खरें. डाल्ट्री आणि टाउनशेंड या दोघांनीं बँड पुढें चालविला, आणि २०२५ सालीं, ऐंशी वर्षांचे होऊन, अमेरिकेंत निरोपाचा दौरा केला.

आतां मुख्य मुद्द्यावर येतों. या बँडची आणखी एक ख्याति होती. ३१ मे १९७६ रोजीं लंडनमधील चार्लटन येथील मैदानावर त्यांचा जो कार्यक्रम झाला, त्यांत पन्नास मीटर अंतरावर आवाज १२० डेसिबल भरला, आणि जगांतील सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकांत त्याची नोंद झाली. पुढें त्या पुस्तकानें हा विक्रम नोंदण्याचेंच सोडून दिलें, कारण त्याच्यापायीं लोक आपले कान गमावूं लागतील अशी भीति होती.

डेसिबल हें माप फसवें आहे. साधें बोलणें सुमारें ६० डेसिबलचें असतें. त्यावरून १२० म्हणजे दुप्पट आवाज असें वाटतें. पण या मापांत दर दहा अंकांस ध्वनीची शक्ति दसपट होते. म्हणजे ७० ला दसपट, ८० ला शंभरपट, आणि १२० ला दहा लक्षपट! आपल्या कानाच्या आंत शंखासारखा एक अवयव आहे. त्यांत पंधरा-सोळा हजार अतिसूक्ष्म केंसाळ पेशी असतात, आणि ध्वनीच्या लाटेनें त्या डोलतात म्हणून आपणांस ऐकूं येतें. लाट प्रचंड असली कीं वादळानें ज्वारीचें ताट लोळावें तशा त्या लोळतात. थोडक्यांत निभावलें तर पुनः उभ्या राहतात. न निभावलें तर मरतात. नख वाढतें, कातडी भरून येते, मोडलेलें हाडही सांधतें. पण मनुष्याच्या कानांतील ही पेशी एकदां मेली कीं पुनः उगवत नाहीं. म्हणूनच तज्ज्ञ सांगतात कीं, ८५ डेसिबलच्या आवाजांत दिवसाकाठीं आठ तासांपेक्षां अधिक राहूं नये. आणि दर तीन डेसिबलांस ही मुदत अर्धी करावी. या हिशेबानें १०० डेसिबलला अवघीं पंधरा मिनिटें उरतात.

टाउनशेंडचे कान गेले. डाल्ट्रीनेंही आपणांस अगदीं कमी ऐकूं येतें असें पुढें श्रोत्यांस सांगितलें. टाउनशेंडनें १९८९ च्या सुमारास आपलें बहिरेपण जाहीर केलें, आणि वादकांस कानांची काळजी घेण्यास शिकविणाऱ्या एका अमेरिकन संस्थेस द्रव्यसाहाय्य केलें. परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती त्यानें २००६ च्या आरंभीं लिहिलेली गोष्ट. आपले कान रंगमंचावरील गोंगाटानें जेवढे बिघडले त्याहून अधिक ध्वनिमुद्रणगृहांत वापरलेल्या हेडफोननीं बिघडले, असें त्याचें म्हणणें आहे; आणि खिशांतील यंत्रावर गाणीं ऐकणाऱ्या मुलांस त्यानें सावध केलें आहे. जगांतील सर्वांत मोठा आवाज करणारा माणूस हें सांगतो आहे, तेव्हां त्याचें ऐकलें पाहिजे.

हें वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलें; कारण मी स्वतः त्याच वाटेनें गेलों आहें. प्रेसखात्यांत दिवसभर पत्र्यावर लोखंड आदळत असे. कानांत घालण्याचे बोळे आम्हांस मिळत. पण ते घालणारास आम्ही मित्रच 'नाजूक' म्हणून हंसत असूं, आणि मी त्या हंसणारांत पहिला होतों. दोष दुसऱ्या कोणाचा नाहीं. निवृत्तीच्या सुमारास पांखरांचे आवाज बंद झाले. मग लहान मुलांचें बोलणें अस्पष्ट झालें. शब्द कानावर येतात पण अक्षरें कळत नाहींत. पंगतींत सगळे हंसतात तेव्हां मीही हंसतों, आणि कशास हंसलों तें घरीं आल्यावर सौ.ला विचारतों. शिवाय अहोरात्र कानांत एक शिटी वाजत असते. वैद्यकांत तिला कर्णनाद म्हणतात. नातवाला मीं कानांचा हा इतिहास कधीं सांगितला नव्हता. म्हाताऱ्याला कमी ऐकूं यावयाचेंच, असें तो समजत होता. आणि मी त्याला शिस्त शिकवावयास गेलों तो देवघराच्या शांततेसाठीं, त्याच्या कानांसाठीं नव्हे.

त्या रात्रीं मीं त्याला सर्व सांगितलें. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा, गणपतीच्या मिरवणुकींत मी दोन तास ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढें नाचलों. त्यानंतर दोन दिवस माझ्याही कानांत शिटी वाजत होती. मीं कोणाला सांगितलें नाहीं." दुसऱ्याच दिवशीं त्याला घेऊन मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं तपासणीचा आलेख काढला. शिटी थांबली होती. परंतु उंच स्वरांच्या जागीं, चार हजार कंपनांच्या आसपास, रेषा थोडी खालीं वाकलेली होती. तसल्याच माझ्या आलेखांत त्याच जागीं खोल दरी आहे. डॉक्टर म्हणाले, "याचें अजून फारसें बिघडलेलें नाहीं. पण ही सुरुवात आहे. येथेंच थांबला तर आयुष्यभर ऐकेल." दोन्ही आलेख शेजारीं शेजारीं ठेवून नातू एकटक पाहत होता. मला जें शंभर उपदेशांनीं साधलें नसतें, तें त्या दोन रेषांनीं साधलें.

गेल्या ३१ जानेवारीस आम्ही दोघे मेहेराबादला गेलों. त्या दिवशीं बाबांची अमरतिथि असते. नागापुराहून शहर ओलांडून दौंडच्या रस्त्याला लागलों. पुढें आगगाडीच्या रुळांपलीकडे टेकडी आणि तिच्यावर ती घुमटाची समाधि. देशोदेशींचे हजारों लोक माळावर बसले होते. बारा वाजतां सर्वांनीं मौन धरलें. बाबांनीं देह ठेवला तो सव्वाबाराचा क्षण येईपर्यंत, पंधरा मिनिटें, तें चालावयाचें होतें. एवढा जनसमुदाय आणि एक शब्द नाहीं. नातवानें मागाहून सांगितलें कीं, त्याला वाऱ्यानें हलणारें गवत ऐकूं आलें, दूर कोठें तरी टिटवी ओरडली ती ऐकूं आली, आणि इतकी शांतता आपण जन्मांत अनुभवली नव्हती.

मला त्यांतलें कांहीं ऐकूं आलें नाहीं. मला ऐकूं आली ती शिटी. चोहोंकडे जितकी शांतता अधिक तितकी ती मोठी. तेव्हां मला एक गोष्ट उमगली. बहिऱ्या माणसाला निदान शांतता तरी मिळत असेल, अशी लोकांची समजूत असते. ती खरी नाहीं. गोंगाटानें ज्याचे कान गेले, त्याचें मौनही गेलेलें असतें. मेहेरबाबांच्या समाधीशीं टाउनशेंड पुनः येऊन बसला, तर त्यालाही बहुधा हेंच ऐकूं येईल.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस माझें सांगणें एवढेंच. आपल्या मुलाच्या संगीतास नांवें ठेवूं नका. मीं ठेवलीं आणि एक महिना आमचें बोलणें बंद राहिलें. तो काय ऐकतो तें एकदां त्याच्याशेजारीं बसून ऐका, त्या मंडळींची कथा त्याला विचारा. मुलें अशा कथा हौसेनें सांगतात. मग कानांची गोष्ट काढा. हेडफोनचा आवाज निम्म्याच्या फार वर जाऊं देऊं नये, आणि तासाभरानें कानांस विसांवा द्यावा. हातभर अंतरावरील माणसाशीं ओरडून बोलावें लागत असेल, तर ती जागा कानांस धोक्याची समजावी. मिरवणुकीस जातांना कापसाचा बोळा पुरत नाहीं. औषधांच्या दुकानीं मिळणारे फोमचे बोळे स्वस्त आहेत, ते नीट बसवावेत. कार्यक्रमाहून आल्यावर कानांत शिटी वाजली, तर ती झोपेनें जाईल म्हणून दुर्लक्ष करूं नये. आणि आपल्या आळींतील उत्सवाचे कार्यकर्ते आपलींच मुलें असतात. वस्तींत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या सरकारी नियमांतच घातलेली आहे, आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिक्षेपकास बंदी आहे, हें त्यांस प्रेमानें दाखवून द्यावें.

आमच्या घरीं आतां असें ठरलें आहे. तिन्हीसांजेचा दिवा लागला, शुभंकरोति झालें, कीं अर्ध्या तासानें गिटार सुरू होते. मी कानांतील यंत्र नीट बसवून खुर्ची घेऊन बसतों. ध्वनिवर्धकाच्या बटणावर नातवानें लाल रंगाची एक रेघ मारून ठेवली आहे, आणि तिच्या पलीकडे तो कांटा नेत नाहीं. परवां त्यानें तो जपमाळेसारखा फिरणारा स्वरगुच्छ वाजविला, आणि "आजोबा, अक्षरें कळतात का?" म्हणून विचारलें. मीं सांगितलें, "अक्षरें नाहींत, पण सूर कळतात."